कूळ की पत्ता

शैला,

तुझी लॅब उघडायची की नाही, हे रोज कोणीतरी मला विचारतं. गाळ्याचा मालक विचारतो, समोरचा केमिस्ट विचारतो. रेखा मात्र काही विचारत नाही. इतकी वर्षं तुझ्या हाताखाली स्लाइडी रंगवल्या तिने. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून निघून गेली. परवा मी ती किल्ली घेऊन गेलोही होतो. शटरसमोर पायरीवर एक बाई बसली होती, हातात डॉक्टरची चिठ्ठी. डॉक्टरबाई कधी येणार, म्हणाली. मी म्हटलं, दुसरीकडे तपासून घ्या. तर म्हणे, "थांबते की. मला घाई नाय." मला तिला सांगता आलं नाही. किल्ली खिशात ठेवून मी तसाच मागे फिरलो. ती किती वेळ बसून राहिली असेल कोण जाणे.

तुझं तेरावं झालं. नांदगावहून आलेला तुझा भाऊ परत गेला. लोक अजून येतात, चहा घेतात, तू किती हुशार होतीस, किती शांत होतीस ते मला सांगतात. शांत? तू? मी मान हलवतो. मला तुझ्याबद्दल गोड बोलणारी माणसं नको आहेत शैला, मला तुझ्याशी भांडायचं आहे. लग्नाच्या आधीपासून चाललेलं आपलं भांडण तू मध्येच टाकून गेलीस, आणि ते इतकं विचित्र भांडण आहे की दुसऱ्या कोणाशी ते पुढे नेताही येत नाही. एकपेशी आदिजीवांच्या वर्गीकरणावरून नवराबायको भांडतात हे कोणाला सांगू?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात नुकताच कायम झालो होतो, पंचवटीत खोली घेऊन राहत होतो आणि खानावळीत जेवत होतो. पोट बिघडलं ते बरं व्हायचं नाव घेईना. पोटात वारा, सकाळी उठल्याबरोबर धावपळ, खाल्लेलं अंगी लागेना. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि मी रविवार कारंजामागच्या गल्लीत, नव्यानेच लागलेल्या एका पाटीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी घेऊन उभा राहिलो. समोर तू. तरुण बाई बघून मी इतका ओशाळलो की नाव सांगतानाही जमिनीकडे बघत होतो. तू वय विचारलंस, व्यवसाय विचारलास. प्राणिशास्त्र शिकवतो, म्हटलं. तू डबी घेऊन आत गेलीस आणि थोड्या वेळाने आतूनच हाक मारलीस.

"अहो सर, या इकडे. तुमचेच आहेत, बघून घ्या."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अर्ध्या कापलेल्या पेरूसारखा आकार, वर रुंद आणि खाली निमुळता. झाडावरून गळालेलं पान हेलकावे खात खाली येतं ना, तसं ते पाण्यात फिरत होतं. तू काचपट्टीच्या कडेने आयोडिनचा थेंब सोडलास. ते थांबलं, आणि त्याच्या अंगात शेजारी शेजारी दोन केंद्रकं दिसू लागली, डोळ्यांसारखी. शैला, ते माझ्याकडे बघत होतं. जिआर्डिया मी दर वर्षी फळ्यावर काढायचो. दोन केंद्रकं, शेपटीसारख्या कशाभिकांच्या चार जोड्या, आतड्याला चिकटून बसायला पुढच्या अंगाला चकती. मुलं वहीत उतरवून घ्यायची. पण जिवंत मी तो कधीच पाहिला नव्हता. मी ते तसं कबूल केलं तेव्हा तू म्हणालीस, "मग शिकवता कशावर?" मी म्हटलं, फळ्यावर. तू इतकी हसलीस की बाहेर बसलेली माणसं वाकून बघायला लागली.

मी पोट धरून उभा होतो आणि तरी मला तिथून निघवेना. पाणी कुठलं पिता, तू विचारलंस. खोलीवरच्या टाकीचं. मग तूच सांगितलंस, हा बाहेर पडताना कवच करून घेतो, त्या कवचात पाण्यात कितीतरी दिवस तग धरतो, म्हणून आधी पाणी उकळा, मग गोळ्या घ्या. आणि मी, औषधाची चिठ्ठी हातात घेऊन, तुला त्याचं कूळ सांगायला लागलो. चाबकासारखी कशाभिका मारत पोहणारे एकपेशी जीव, हा मोठा गट. त्यातले परजीवी दोन तऱ्हेचे. एक आतड्यात आणि जननमार्गात राहणारे, जिआर्डियासारखे. दुसरे रक्तात आणि शरीराच्या पेशींच्या आत शिरणारे. पुढे मग कशाभिका किती, कुठून निघतात, अंगाला लहरणारा पडदा आहे का, केंद्रकं किती, यावरून एकेकाला वेगळं काढायचं. तू ऐकून घेतलंस. नंतर म्हणालीस, हे सगळं ठीक आहे, पण याने रोग्याला काय सांगायचं ते कळत नाही. तिथून सुरू झालं.

तू म्हणायचीस, मला दोनच गोष्टी बघायच्या असतात. हा बाहेर पडला की टिकतो का, आणि पुढच्या माणसाकडे कशाने जातो. पाण्याने, माशीने की माणसाने. तेवढ्यावरून मी त्यांचे कप्पे करते. मी म्हणायचो, याला वर्गीकरण म्हणत नाहीत, हा पत्ता झाला. वर्गीकरण म्हणजे कूळ. तू म्हणायचीस, "पोस्टमनला पत्ताच लागतो, सर. कूळ लग्नात बघतात." आपल्या लग्नात तर तेही कोणी धड बघितलं नाही. तुझ्या वडिलांनी एवढंच विचारलं की मुलाची प्रकृती कशी आहे, आणि तू गंभीर चेहऱ्याने सांगितलंस की आता उत्तम आहे, मी स्वतः तपासली आहे.

मला हे आठवून हसू येतं आणि हसू आलं की मी घाबरतो. एकट्या घरात आपलंच हसणं ऐकू येणं फार वाईट असतं.

आपल्याला मूल झालं नाही. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी लॅबवर यायचो आणि मागच्या टेबलाशी पेपर तपासत बसायचो. सटाण्याकडची ती बाई मी तिथूनच पाहिली. तिच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा तुझ्याकडे पाठवलं होतं. औषध घेतलं की बरं वाटायचं, गावी गेली की महिन्या-दोन महिन्यांत परत तोच त्रास, तीच आग. या खेपेला ती चादरीसारखी पांढरी पडली होती. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून होता. तू विचारलंस, त्यालाही गोळ्या लिहून दिल्या होत्या ना? ती खालमानेने म्हणाली, "बाई, तो गोळी खात नई. म्हणस, माले काय व्हयेल शे?" आणि मग हळूच सांगितलं की हे दुखणं तू कुठून आणतेस, असं तो विचारतो. माहेरी पाठवायची भाषा करतो.

तू उठलीस, बाहेर गेलीस आणि त्या माणसाला आत घेऊन आलीस. मला वाटलं आता तू त्याला झाडणार. तू त्याला स्टूलवर बसवलंस आणि सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलंस. त्याने पाहिलं. मीही नंतर पाहिलं. ट्रायकोमोनास, झटके देत, जागच्या जागी गिरक्या घेत. पुढे चार कशाभिका, पाचवी मागे वळून लहरत्या पडद्याच्या कडेने गेलेली, मागच्या टोकातून बाहेर आलेला काटा. त्याला यातलं काही सांगायची गरज नव्हती. तू त्याला शांतपणे, एकेक शब्द वेगळा करत सांगितलंस, "या जातीला कवच करता येत नाही. बाहेर पडली की वाळून मरते. पाण्यातून येत नाही, हवेतून येत नाही, माशी आणत नाही. नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून नवऱ्याकडे, एवढाच तिचा रस्ता. हिला आम्ही दर वेळी बरी करून पाठवतो. मग परत कुठून येते, तुम्हीच सांगा."

त्याने पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. पुरुषाला बहुधा त्रास होत नाही, तरी हा जीव अंगात असतो, हे तू त्याला दोनदा समजावलंस. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या आणि तेवढे दिवस दारू बंद, नाहीतर उलट्या होतील, हेही बजावलंस. जाताना त्याने बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. पुढे ती बाई आली ती बरी होऊन, ताजी लाल मिरची घेऊन. तिचं घर मोडायचं राहिलं होतं, आणि ते कशामुळे राहिलं? एका जीवाला कवच नसतं, एवढ्या गोष्टीमुळे. माझ्या पुस्तकात ती ओळ सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात असायची. मी त्या वर्षीपासून ती आधी शिकवायला लागलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस.

पण एकदा माझं कूळही उपयोगी पडलं होतं. ते तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्यासमोर मात्र एकदाच बोललीस.

अंबडच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करणारा लखन. बिहारचा. कित्येक महिने ताप. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं, क्षयाचंही सुरू होतं. हातपाय काड्या झाले होते आणि पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून बेंबीच्या खालपर्यंत आलेली. त्याला दोघांनी धरून आणलं होतं. तू त्याच्या हाडातला मगज काढून स्लाइड केलीस आणि कॉलेजात फोन केलास. शिपाई वर्गात येऊन म्हणाला, मॅडमनी लगेच बोलावलंय. मी सायकल स्टँडवरून कोणाची तरी लूना मागून घेतली.

तू खुर्ची सोडलीस आणि म्हणालीस, बघ आणि सांग. मोठमोठ्या पेशींच्या आत इवलेसे गोल ठिपके गच्च भरले होते. कशाभिका एकालाही नाही. मी बराच वेळ पाहिलं. प्रत्येक ठिपक्यात एक गोल केंद्रक होतं, आणि त्याच्या शेजारी, जरा तिरकी, गडद रंगाची एक काडी. किनेटोप्लास्ट. ही काडी ज्याच्यात आहे तो एकाच कुळातला. माशा चावून जनावरांत जो सर्रा रोग पसरवतात, त्याचा परजीवी त्याच कुळातला, आणि काळ्या आजाराचा लीश्मानियाही. अशा ठिपक्यांची बुरशीही असते, पण तिच्यात काडी नसते. मी म्हटलं, लीश्मानिया. तू म्हणालीस, "तुझ्या शेपटीवाल्यांतला ना? मग शेपटी कुठे आहे?" मी म्हटलं, शेपटी त्याला पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या पोटात फुटते. माणसात आला की ती आखडून घेतो, बाहेर काही ठेवत नाही. त्याला काडीवरूनच ओळखायचं.

तू पुन्हा डोळा लावलास, एकेक पेशी तपासलीस. मग बाहेर जाऊन त्याच्या डॉक्टरांना फोन केलास. औषध नाशकात मिळेना, मुंबईहून आलं. लखन जिना चढताना थांबून तुला हिंदीत विचारायचा, हम बचेंगे ना, आणि तू त्याला म्हणायचीस, बचोगे भी और काम पे भी जाओगे. तो वाचला. पाणथरी आत गेली, अंगावर मांस आलं. तो कामावर परतला त्या दिवशी तू मला कोंडाजीचा चिवडा आणून दिलास आणि म्हणालीस, आज तुझं कूळ जिंकलं.

आणि मग मीच पुण्याच्या रिफ्रेशर कोर्सहून बातमी घेऊन आलो की कूळच राहिलं नाही. आता जनुकं वाचतात, म्हटलं. जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास एका बाजूला गेले, त्यांना आपल्यासारख्या, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नाहीत. त्यांचे काही अवशेष तेवढे आत सापडतात. काडीवाले पार दुसरीकडे, तळ्यातल्या हिरव्या युग्लिनाच्या शेजारी. एक तर असा निघाला की दिसायला अमीबा, कशाभिका नावालाही नाही, आणि नातं ट्रायकोमोनासशी. कशाभिका असणं हा पोशाख होता, नातं नव्हतं. मी इतकी वर्षं पोशाखावरून भावंडं ठरवत होतो. मी अगदी पडलेल्या चेहऱ्याने हे सांगत होतो आणि तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "म्हणजे तुझं कूळ बुडालं की रे."

मी चिडलो. म्हटलं, बुडालं नाही, बदललं. बघ, एकच गोळी जिआर्डियाला लागू पडते आणि ट्रायकोमोनासला लागू पडते, काळ्या आजाराला पडत नाही. हे कुळामुळेच ना? तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, तीच गोळी मी जुलाबाच्या अमीबालाही बघते लागू पडताना. तो कुठल्या कुळातला? मला कबूल करावं लागलं, तो या दोघांचा कोणीच नव्हे. तूच पुढे म्हणालीस, तिघंही जिथे प्राणवायू नाही तिथे राहतात, म्हणून गोळी चालते. म्हणजे पत्ताच.

मी म्हटलं, थांब, मी वाचून सांगतो. वाचलं. तुझं बरोबर होतं. पण मला अजून एक मुद्दा सुचला होता आणि तो नीट जुळवून तुला एकदम सांगायचा होता. मी जुळवत राहिलो. तो मुद्दा माझ्याकडे तसाच पडून आहे, आणि आता तो सांगायला समोर कोणी नाही.

तुला संध्याकाळचा ताप यायला लागला तेव्हा आपण दोघंही म्हणालो, थकवा आहे. दंडावर निळे डाग दिसले, तू म्हणालीस, टेबलाला लागलं. एका दुपारी तू लॅब रेखावर टाकून घरी आलीस. तू दुपारी कधीच घरी यायची नाहीस. चप्पल काढलीस, पाणी प्यायलीस, माझ्यासमोर बसलीस.

"मी माझं रक्त बघितलं," म्हणालीस.

मी विचारलं, काय आहे. तू नाव सांगितलंस. ज्या आवाजात तू लोकांना हिमोग्लोबिन सांगायचीस, त्याच आवाजात. रक्ताचा कर्करोग, झपाट्याने जाणारा. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला दाखवू. तू म्हणालीस, दोघांना दाखवून आले. मग म्हणालीस, भूक लागलीय, पोहे कर.

मगज काढला. अहवाल आला, तोच. तुला दाखल केलं. सगळे धीर देत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. ताप. वाढलेली पाणथरी. सगळ्याच पेशी कमी झालेल्या. आणि तू लखनच्या बिहारात, पाटण्याला परिषदेला गेली होतीस. दोन वर्षांपूर्वी असेल, पण काळा आजार दबा धरून बसतो, तूच मला सांगितलं होतंस. लखनलाही सगळ्यांनी भलतंच ठरवलं होतं. चूक होते. मोठमोठ्यांची होते. मी रेखाकडून तुझ्या मगजाच्या स्लाइडी मागून आणल्या, कॉलेजचा सूक्ष्मदर्शक रिक्षात घालून घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला. आणि शोधत बसलो.

त्या दिवसांत मी काय मागत होतो, ठाऊक आहे तुला? शेजारच्या काकू रामकुंडावर जाऊन तुझ्यासाठी दिवा सोडून आल्या. मी परजीवी मागत होतो. असू दे, हिच्या हाडाहाडात तो भरलेला असू दे. त्याला औषध आहे. मुंबईला मिळतं. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काच सरकवायचो, पुन्हा उलटा यायचो. तुझ्या त्या मोठ्या, निळसर, एकसारख्या पेशी. मैदानच्या मैदान भरलेलं. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांच्या मधल्या फटींत बघत होतो. एखादा ठिपका, त्यात केंद्रक, शेजारी काडी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की तोंड धुऊन पुन्हा बसायचो. सहज फिरायला निघाल्यासारखा रोज दुपारी तुला भेटायला यायचो आणि तू विचारायचीस, डोळे का लाल? मी म्हणायचो, धूळ.

आणि मला सापडला. एका पेशीवर, अगदी कडेला. गोल, जांभळा, आत गडद ठिपका आणि शेजारी आणखी एक, लांबट. मी उठून खोलीत चालत राहिलो. पुन्हा पाहिलं. काडी होती. मी सूक्ष्मदर्शक चादरीत गुंडाळला आणि तसाच तुझ्याकडे घेऊन आलो. नर्स नको म्हणत होती. तू तिला म्हणालीस, राहू द्या, आमचं असंच असतं.

टेबल पलंगाला लावलं. तुला उशीला टेकवून बसवलं. तू म्हणालीस, फोकस तू कर. मी केला. तू डोळा लावलास. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. लखनच्या वेळी तू पाहिलं होतंस तसं, तितकंच नीट पाहिलंस. कंटाळा केला नाहीस, माझी कीवही केली नाहीस.

"प्लेटलेट आहे," म्हणालीस. "पेशीवर बसलीय. एकच राहिली असेल, तीही तुला सापडली."

मी म्हटलं, काडी दिसतेय, पुन्हा बघ. तू पुन्हा पाहिलंस. माझ्यासाठी पाहिलंस, ते मला आता कळतं. मग मान मागे टाकलीस आणि माझा हात धरलास.

"यात परका कोणी नाही रे. सगळ्या माझ्याच आहेत."

मी उत्तर द्यायला हवं होतं. काय उत्तर, मला अजून माहीत नाही. मी चादर घडी करत राहिलो, काच पुसत राहिलो. तू डोळे मिटून पडलीस. दुसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. आजारी पेशींबरोबर उरल्यासुरल्या चांगल्याही गेल्या, मग छातीत जंतू शिरले, आणि त्यांच्याशी लढायला तुझ्या रक्तात कोणी उरलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा दिवाळीचे कंदील लागलेले होते. मी तुझं कपाळ पुसत होतो. त्यावर घाम नव्हता, तरी पुसत होतो.

शैला, मला हे समजत नाही. परक्याला मी ओळखलं असतं. आयुष्यभर तेच शिकलो आणि शिकवलं, एकाला दुसऱ्यापासून वेगळं कसं काढायचं. तुला तुझ्यापासून वेगळं काढायची विद्या माझ्याकडे नव्हती. कोणाकडेच नव्हती. लोक म्हणतात, दैव. मी दैव मानत नाही, आणि न मानल्यामुळे माझ्याकडे टेकायलाही काही नाही. सकाळी उठतो तेव्हा एक क्षण सगळं ठीक असतं. मग ते छातीवर येऊन बसतं आणि दिवसभर उठत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी काल कामावर गेलो. प्राचार्य म्हणाले, आणखी थोडे दिवस घ्या. मी म्हटलं, घरी काय करू? दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता, धडा नेमका आदिजीवांचा. मी खडू उचलला. जिआर्डिया काढला, ट्रायकोमोनास काढला, लीश्मानियाची दोन्ही रूपं काढली, माशीतलं आणि माणसातलं. हात चालत होता, आवाज ठीक होता. मी जुनं वर्गीकरण सांगितलं, नवंही सांगितलं. मुलं उतरवून घेत होती. निफाडची एक मुलगी आहे, द्राक्षवाल्यांची, पहिल्या बाकावर बसते, प्रश्न विचारल्याशिवाय तिचं पोट भरत नाही. ती उभी राहिली.

"सर, हे सगळे एका कुळातले नाहीतच, तर मग एकाच धड्यात का आहेत?"

चांगला प्रश्न होता. तुला आवडला असता. मी फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे मी घरी विचारून सांगतो."

मुलांची पेनं थांबली. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी भरलं, ती बसली नाही, तशीच उभी राहिली. मी खडू खाली ठेवला. मी तास संपण्याआधीच वर्ग सोडला, रस्त्यात कुठे थांबलो नाही, सरळ घरी आलो, चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो.

विचारतो आहे, शैला. का आहेत?